वाचलेलं झाड आणि चिवट झाड : कापसाच्या मर रोगाची गोष्ट

वागळे इस्टेटीत बसून कापसाच्या रोगावर बोलायचं म्हणजे थोडं धाडसच. इथे लेथ चालतात, औषधं तयार होतात, छपाई होते, हल्ली संगणकाची कार्यालयंही आली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत इथे उभी राहिली, हे आपल्याला ठाऊक आहेच. कापसाचं शेत इथून फार लांब. पण समोर बसलेल्यांपैकी काहींचं मूळ गाव जळगाव-धुळ्याकडचं असेल, काहींचं अकोला-यवतमाळचं. त्यांनी घरातल्या जुन्या माणसांच्या तोंडून ‘मर लागली’ हे शब्द ऐकले असतील. आपण तिथूनच सुरुवात करू.

मर म्हणजे काय? झाड उभं असतं, चांगलं वाढलेलं असतं. मग पानं पिवळी पडतात, मलूल होतात, गळतात आणि झाड वाळतं. खोड उभं चिरलं तर आत तपकिरी रेघा दिसतात. फ्युजेरियम नावाची बुरशी मुळातून आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्यांमध्ये ठाण मांडते. जमिनीत ओल असते, झाड मात्र तहानेनं मरतं. एकदा ही बुरशी शेतात आली की वर्षानुवर्षं जमिनीत टिकून राहते. पानावरच्या रोगावर फवारा मारता येतो, पण अख्ख्या काळ्या जमिनीला औषध कसं पाजणार? म्हणून उपाय एकच उरला. जमीन बदलता येत नाही, तर झाड बदलायचं.

ही कल्पना अमेरिकेत विल्यम ऑर्टन यांनी १९०० च्या सुमारास दक्षिण कॅरोलिनाच्या किनारी भागात अमलात आणली. रोगानं उजाड झालेल्या शेतात जी थोडी झाडं उभी राहिली होती, त्यांचं बी धरायचं, पुन्हा त्याच रोगट जमिनीत पेरायचं, पुन्हा उरलेल्यांचं बी धरायचं. ऐकायला किती सरळ वाटतं! या वसाहतीतल्या कोणाही कारागिराला ते लगेच पटेल. माल मोडेपर्यंत ताणायचा, जो मोडला नाही तो खरा.

पण इथेच घोळ आहे, आणि या घोळानंच आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या माणसाला या विषयात ओढलं.

आपले नैयायिक ‘उपाधी’ म्हणून एक गोष्ट सांगतात. धूर दिसला तर अग्नी आहे असं म्हणता येतं, पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं म्हणता येत नाही. धुरासाठी लाकूड ओलं लागतं. ते ओलं लाकूड म्हणजे उपाधी, अनुमानात लपून बसलेली अट. आता कापसाकडे या. ‘हे झाड रोगट शेतात वाचलं, म्हणून ते रोगाला दाद न देणारं आहे.’ यात लपलेली अट कोणती?

ती अट निघाली जमिनीची उष्णता. ही बुरशी साधारण २० ते २७ अंश तापमानाच्या जमिनीत जोर धरते, आणि जमीन फार तापली की तिचा जोर ओसरतो. म्हणजे एखाद्या साली जमीन तापलेली राहिली, तर नाजूक झाडसुद्धा वाचणार. संशोधक त्याचं बी जपून ठेवणार, शेतकऱ्याला देणार, आणि पुढच्या साली जमीन थंड राहिली की अख्खं शेत बसणार. ते झाड चिवट नव्हतंच, त्याला नुसती संधी मिळाली होती. इंग्रजीत अशा झाडाला ‘एस्केप’ म्हणतात, म्हणजे निसटलेलं.

हा गुंता सोडवण्यात पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या मंडळींचा मोठा वाटा आहे. कुलकर्णी आणि मुंडकूर यांनी १९२८ साली मुंबई इलाख्यातल्या मर रोगावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे सरकारी वनस्पतिरोगशास्त्रज्ञ बी. एन. उप्पल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेताच्या भरवशावर राहणं सोडलं. रोगट माती आणि बुरशीला मानवणारं तापमान, अशा दोन्ही गोष्टी हातात ठेवून त्यांनी रोपांची परीक्षा घेतली. म्हणजे रोगाला जिंकायची पूर्ण संधी द्यायची आणि मग कोण उभं राहतं ते पाहायचं. थोडं थांबून विचार करा. रोग हटवायला निघालेला माणूस आधी रोगाचीच निगा राखतो, त्याला ऊब-गारवा देतो, कारण रोग अशक्त झाला तर परीक्षाच खोटी ठरते.

हे सगळं करायला पैसा कुठून आला? मॅकेन्ना यांच्या अध्यक्षतेखालच्या कापूस समितीनं १९१७-१८ मध्ये पाहणी केली, तिच्या शिफारशीवरून १९२१ साली इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी आली, आणि १९२३ च्या कायद्यानं कापसावर उपकर बसला. त्या पैशातून संशोधन झालं. १९२४ साली माटुंग्याला प्रयोगशाळा निघाली, ती आजही आहे, ठाण्याहून लोकलनं जाऊन येण्यासारखी. नवा वाण आला की त्याची रुई तिथे सुतून पाहायची. कारण झाड रोगातून वाचलं तरी धागा गिरणीला पसंत पडायला हवा.

इथे दुसरा पेच. वऱ्हाडात रोझियम नावाचा देशी कापूस पसरला होता. चिवट झाड, रुईचा उतारा ४० टक्क्यांच्या आसपास, धागा मात्र आखूड आणि जाडाभरडा. शेतकऱ्याचं गणित सोपं होतं, जास्त रुई म्हणजे जास्त पैसा. गिरणीला लांब धागा हवा होता. ‘चांगला कापूस’ कोणता, या प्रश्नाला शेतकरी, गिरणीवाला आणि रोगशास्त्रज्ञ तीन उत्तरं देत होते, आणि आमच्या मते तिघांचंही बरोबर होतं. पण पेरणीचा धोका एकट्या शेतकऱ्याच्या डोक्यावर होता. त्यानं रोझियम सोडलं नाही म्हणून त्याला अडाणी म्हणणारे अहवाल वाचले की आम्हाला राग येतो.

खानदेशात जरीला नावाच्या वाणानं यातून बरीच वाट काढली. मरीला दाद न देणारा आणि गिरणीला चालणारा. इतका पसरला की मुंबईच्या वायदेबाजारात त्याचं नाव चालू लागलं. पुढे विरनार आला. दरम्यान १९४७ साली केळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की देशी कापसातली ही प्रतिकारशक्ती एकमेकांना पूरक अशा जनुकांवर अवलंबून असते. एक आलं आणि दुसरं हुकलं की काम होत नाही. परागीकरणात आणि जिनिंगमध्ये बी मिसळलं की चांगला वाण काही वर्षांत का बिघडतो, हेही त्यावरून समजतं.

आणि मग प्रश्नच बदलला. मध्य प्रांतात ‘बुरी’ नावाचा अमेरिकन जातीचा कापूस होता, त्याला इथली मर लागतच नसे. आपल्या देशी जातींना मारणारी बुरशी त्याच्यापुढे हतबल. स्वातंत्र्याच्या वेळी देशातलं सुमारे ९७ टक्के कापसाचं क्षेत्र देशी जातींखाली होतं. नंतर अमेरिकन कापूस आणि संकरित वाण आले आणि मर मागे पडली. तिला कुणी हरवलं नाही, तिचं भक्ष्यच शेतातून उठलं. नव्या पाहुण्याबरोबर तुडतुडे आले, बोंडअळी आली. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते आपण वर्तमानपत्रात वाचलं. तेव्हा ‘अळीत प्रतिकारशक्ती आली’ असे मथळे होते. जो शब्द कापसासाठी कमावला, तोच अळीनं उचलला.

एक शेवटची गोष्ट सांगून थांबतो, मग प्रश्न घेऊ. भारतातल्या देशी कापसावरच्या या बुरशीच्या प्रकाराला शास्त्रज्ञांनी १९६० साली ‘वंश ४’ असं नाव दिलं. २००१ मध्ये तो कॅलिफोर्नियात सापडला, आणि तिथल्या लांब धाग्याच्या पिमा कापसाची झाडं मरू लागली. तिथले लोक आता रोगट शेतात ओळीच्या ओळी पेरतात, उभी राहिलेली झाडं मोजतात, आणि त्यांतलं निसटलेलं कोण आणि चिवट कोण हे शोधत बसतात.