ज्यूल व्हर्नची गाडी, व्हाया कल्याण

आजचा विषय सायन्स फिक्शन, म्हणजे आपली विज्ञानकथा. पण सुरुवात ‘इंटरस्टेलर’पासून नाही करायची. सुरुवात करायची कल्याण जंक्शनपासून.

‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ हे नाव तुम्ही ऐकलेलं असणारच. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची ही कादंबरी 1872 मध्ये पॅरिसच्या एका वर्तमानपत्रात क्रमशः छापून येत होती. नायक फिलिआस फॉग 80 दिवसांत जग फिरून येण्याची पैज लावतो. 20 ऑक्टोबरला तो मुंबईत बोटीतून उतरतो आणि रात्री 8 ची गाडी पकडतो. गाडी साष्टी बेट ओलांडते, पूल मागे पडतात आणि मग येतं कल्याण! इथून एक फाटा खंडाळ्याकडे, पुण्याकडे जातो, हेसुद्धा व्हर्न नीट सांगतो. डोंबिवलीचं नाव नाही. डोंबिवलीकरांनो, रागावू नका, लांब पल्ल्याची गाडी होती.

पुढे मात्र गंमत आहे. कल्याणनंतर ही गाडी पनवेलवरून जाऊन घाटात शिरते. आता कसाऱ्याच्या दिशेने निघालेली गाडी पनवेलला कशी पोचेल? पण व्हर्न कधी भारतात आलाच नव्हता. तो फ्रान्समध्ये बसून नकाशे आणि प्रवासवर्णनं वाचून लिहीत होता.

तुम्ही म्हणाल, यात रॉकेट नाही, रोबो नाही, मग ही विज्ञानकथा कशी? माझं मत ऐका. मे 1869 मध्ये अमेरिकेत या टोकापासून त्या टोकापर्यंत रेल्वे जोडली गेली. नोव्हेंबर 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला. मार्च 1870 मध्ये मुंबईहून कल्याण, जबलपूरमार्गे कलकत्त्यापर्यंत रूळ पोचले. हे सगळं अवघ्या 10 महिन्यांत. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला डिपेन्डन्सी म्हणतो. तीन डिपेन्डन्सी पूर्ण झाल्या, तेव्हा कुठे 80 दिवसांची कल्पना शक्य झाली. नव्या तंत्रज्ञानामुळे माणसाचं जग कसं बदलेल, हे हिशोब करून सांगणं, माझ्या लेखी हीच विज्ञानकथा. मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी आली 16 एप्रिल 1853 ला, कल्याणपर्यंत ती पोचली 1854 मध्ये. ज्या मार्गाला आपण रोज सकाळी शिव्या घालतो, तो तेव्हा जगाच्या भविष्याचा एक तुकडा होता.

‘हिशोब’ हा शब्द लक्षात ठेवा, कारण सिनेमा असो की सिरीज, मी त्याच फूटपट्टीने मोजतो. त्याआधी, 1865 मध्ये, व्हर्नने चंद्रावर माणसं पाठवण्याची कादंबरी लिहिली. अमेरिकेतल्या फ्लोरिडात 900 फूट लांबीची तोफ आणि गोळ्यात बसलेली तीन माणसं. 1969 मध्ये अपोलो 11 फ्लोरिडातूनच उडालं आणि आत तिघेच होते. पण तोफ? मी आकडेमोड करून बघितली. एवढ्याशा नळीत सेकंदाला 11 किलोमीटर वेग गाठायचा, तर माणसाला त्याच्या वजनाच्या किमान 22 हजार पट दाब सोसावा लागेल. 60 किलोचा माणूस क्षणभर 1,300 टनांचा! हा धक्का बसणार हे व्हर्नला कळत होतं, म्हणून त्याने गोळ्यात पाण्याची गादी घातली. उत्तर चुकलं, पण प्रश्न बरोबर पकडला. आजच्या कित्येक महागड्या सिरीजमध्ये तो प्रश्नच कोणाला पडत नाही.

हा व्हर्न मराठी मुलांपर्यंत आणला भा. रा. भागवतांनी, म्हणजे आपल्या फास्टर फेणेच्या जनकाने. आणि मग आलं 1974. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली. तेव्हा आपला पहिला उपग्रह, आर्यभट्ट, आकाशात जायलाही अजून वर्ष होतं. स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. तिला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर! आद्याक्षरं उलटी करून बघा. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्याबरोबर काम करून आलेला नामवंत शास्त्रज्ञ, पण नावामुळे बक्षीस मिळायला नको म्हणून टोपणनाव. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा लिहून काढली पत्नी मंगलाताईंनी. याला म्हणतात सचोटी.

एक फॅन म्हणून स्पष्ट बोलतो. नारळीकरांची पात्रं कधीकधी फळ्यासमोर उभी राहिल्यासारखी बोलतात. पण हिशोब पक्का असतो आणि माणसं आपल्यातली असतात. 2021 मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. 20 मे 2025 ला ते गेले. मग प्रश्न उरतो, आता पुढे काय? पडद्यावर मराठी विज्ञानकथा इतकी कमी का?

नेहमीचं उत्तर म्हणजे बजेट नाही. मला ते पटत नाही. नागपूरच्या आरती कदव यांचा हिंदी सिनेमा ‘कार्गो’ बघा, 2019 चा. पुष्पक नावाच्या यानात राक्षस नोकरी करतात, मेलेल्या माणसांना पुढच्या जन्मासाठी तयार करतात, अगदी सरकारी कचेरीसारखं. भव्य काही नाही, पण कल्पना अस्सल आपली. चांद्रयान 3 चं बघा. अपोलो 11 चार दिवसांत चंद्रावर उतरलं, आपल्याला 40 दिवस लागले. कारण रॉकेट लहान, म्हणून पृथ्वीभोवती फेऱ्या मारत कक्षा हळूहळू वाढवायची. खिसा बघून रस्ता काढला आणि 23 ऑगस्ट 2023 ला पोचलोच ना?

आणि विषय हवेत? 27 जुलै 2019 आठवा. बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली, हजारभर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. ज्या वांगणीला आपण तारे बघायला जातो, तिथेच. आता 2070 चं कल्याण डोळ्यांसमोर आणा. खाडी कुठपर्यंत आलीय? लोकल रुळांवरच धावते का? सकाळी 8 ला आठव्या मजल्यावरचा माणूस कामावर कसा जातो? हे हॉलिवूड लिहिणार नाही. त्यांचं पाणी न्यूयॉर्कमध्येच शिरतं.

हे लिहिणार तो इथलाच कुणीतरी, कदाचित आत्ता लोकलच्या दारात उभा राहून हे ऐकणारा. व्हर्नला पनवेल कुठे आहे ते नकाशात शोधावं लागलं. आपल्याला तेवढं तरी शोधावं लागणार नाही.

तर मंडळी, तुमच्या डोक्यात 2070 चं ठाणे-कल्याण कसं दिसतं, नक्की कळवा. फक्त हिशोब करून. भेटू पुढच्या भागात!