शटरचा वेग : क्षण गोठविण्याचे आणि वाहता ठेवण्याचे तंत्र

कॅमेऱ्यातील ‘ऑटो’ ही सोय भरपूर उजेडात बहुधा समाधानकारक छायाचित्र देते. मात्र अपुरा उजेड आणि हालचाल या दोन गोष्टी एकत्र आल्या की तिची मर्यादा उघड होते. शाळेच्या स्नेहसंमेलनातील नृत्य, दहीहंडीचा वरचा थर किंवा विसर्जन मिरवणुकीतील लेझीम टिपताना अनेकांच्या पदरी धूसर आकृत्याच पडतात. छायाचित्रातील रंग वा उजेड नंतर संगणकावर बऱ्याच अंशी सुधारता येतो. पण फार हललेल्या चेहऱ्यावरचे भाव परत मिळत नाहीत आणि तो क्षणही पुन्हा येत नाही. म्हणूनच ‘मॅन्युअल’ छायाचित्रणाकडे वळणाऱ्याने प्रथम शटरचा वेग समजून घेणे हिताचे ठरते.

शटरचे कार्य

शटर म्हणजे कॅमेऱ्यातील फिल्म किंवा सेन्सरपुढील पडदा. तो जितका वेळ उघडा राहतो, तितका वेळ प्रकाश आत येतो. या कालावधीलाच रूढ भाषेत शटरचा वेग म्हणतात. तो १/३०, १/६०, १/१२५, १/२५०, १/५००, १/१००० सेकंद अशा क्रमाने मोजला जातो. यातील प्रत्येक पुढची पायरी आधीच्या पायरीच्या सुमारे निम्मा प्रकाश आत घेते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर अनेकदा नुसताच ‘१२५’ हा आकडा दिसतो. त्याचा अर्थ सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग असा घ्यावयाचा.

या अपूर्णांकांचे महत्त्व साध्या हिशेबाने ध्यानात येते. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी लोकल एका सेकंदात १० मीटर अंतर कापते. शटर १/३० सेकंद उघडे राहिल्यास तेवढ्यात ती सुमारे ३३ सेंटिमीटर पुढे सरकते आणि छायाचित्रात फरकाटा उमटतो. १/१००० सेकंदात मात्र ती अवघा एक सेंटिमीटर सरकते व डब्यावरील अक्षरेही वाचता येतात.

इतिहासातील दोन छायाचित्रे

लुई दागेर यांनी १८३८च्या सुमारास पॅरिसमधील एका रस्त्याचे छायाचित्र घेतले. प्रकाशग्रहणाला काही मिनिटे लागल्याने वर्दळीची माणसे व गाड्या त्यात उमटल्याच नाहीत. बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला एक माणूस तेवढा स्पष्ट दिसतो. त्यानंतर ४० वर्षांनी, १८७८ मध्ये, एडवर्ड मायब्रिज यांनी कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे ओळीने कॅमेरे मांडून दौडणारा घोडा टिपला. दौडीत एका क्षणी घोड्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात आणि त्या वेळी ते पोटाखाली जुळलेले असतात, हे त्यातून सिद्ध झाले. तोपर्यंत चित्रकार पुढचे पाय पुढे व मागचे मागे ताणलेला घोडा रंगवीत असत. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे सत्य शटरने दाखविले होते.

प्रकाशाचा ताळेबंद

शटरचा वेग वाढविला की आत येणारा प्रकाश घटतो. ही तूट दोन मार्गांनी भरून काढता येते : अॅपर्चर, म्हणजे भिंगाचे छिद्र, मोठे करणे किंवा आयएसओ वाढविणे. समजा, रंगमंचावरील नृत्यासाठी कॅमेऱ्याने १/३० सेकंद, एफ ५.६ आणि आयएसओ ४०० हे आकडे सुचविले. हालचाल थांबविण्यासाठी १/२५० हवे असेल तर प्रकाश तीन पायऱ्यांनी कमी होईल. छिद्र एफ ४ केल्याने एक आणि आयएसओ १६०० केल्याने दोन पायऱ्या परत मिळतात. छायाचित्र किंचित दाणेदार होईल. परंतु हललेल्या छायाचित्रापेक्षा ते केव्हाही बरे. शिवाय उडीच्या सर्वोच्च बिंदूवर नर्तकाची गती क्षणभर मंदावते. तो क्षण साधल्यास १/१२५ वरही काम भागू शकते.

कोणत्या प्रसंगी कोणता वेग?

- स्थिर उभी व्यक्ती : १/१२५
- चालणारी माणसे, दिंडी : १/२५०
- खेळणारी मुले, नृत्य : १/५००च्या आसपास
- क्रिकेट, उडणारे पक्षी : १/१००० किंवा अधिक
- धबधब्याची रेशमी धार : १/४ ते १ सेकंद
- आकाशातील आतषबाजी : २ ते ४ सेकंद
- मरीन ड्राइव्हवरील वाहनांच्या प्रकाशरेषा : १० ते २० सेकंद

शेवटच्या तीन प्रकारांना ट्रायपॉड आवश्यक आहे. कॅमेरा हातात धरावयाचा असल्यास भिंगाच्या मिलिमीटरइतका छेद तरी असावा, हा जुना नियम उपयोगी पडतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाला १/५०, तर २०० मिलिमीटरच्या भिंगाला १/२००. सेन्सर लहान असेल तर याहून अधिक वेग लागतो. भिंगातील कंपरोधक यंत्रणा हाताची थरथर सावरते; समोरच्या व्यक्तीची हालचाल मात्र ती थांबवू शकत नाही.

आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने ट्यूबलाइट आणि अनेक एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फार वेगवान शटर वापरल्यास छायाचित्रात काळसर पट्टे उमटू शकतात. अशा दिव्यांखाली शक्य तेथे १/५० किंवा १/१०० हा वेग निवडावा.

घरच्या घरी सराव

प्रारंभी संपूर्ण मॅन्युअलऐवजी ‘शटर प्रायॉरिटी’ निवडावी. कॅमेऱ्याच्या चकतीवर ती ‘एस’ किंवा ‘टीव्ही’ या अक्षरांनी दर्शविलेली असते. येथे वेग छायाचित्रकार ठरवितो आणि छिद्र कॅमेरा ठरवितो. अनेक मोबाइलमध्येही ‘प्रो’ या नावाने वेग निवडण्याची सोय असते.

छताचा पंखा हा उत्तम शिक्षक आहे. मिनिटाला ३०० फेरे घेणारा तीन पात्यांचा पंखा १/१५ सेकंदात एक तृतीयांश फेरा पूर्ण करतो, त्यामुळे पात्यांऐवजी सलग चकती दिसते. १/१००० वर तीच पाती जणू थांबलेली भासतात. नळाची धारही अशीच निरनिराळ्या वेगांनी टिपून पाहावी.

यानंतर ‘पॅनिंग’कडे वळावे. समोरून जाणाऱ्या सायकलस्वारावर कॅमेरा रोखून, कमरेपासून वळत त्याचा पाठलाग करावा. १/३० वर बटण दाबावे आणि दाबल्यानंतरही वळणे थांबवू नये. स्वार स्पष्ट आणि पार्श्वभूमी ओढल्यासारखी दिसते. प्रारंभी दहापैकी एखादेच छायाचित्र साधेल. प्रत्येक वेळी वापरलेला वेग डिजिटल छायाचित्रासोबत नोंदला जातो. साधलेले आणि फसलेले छायाचित्र शेजारी ठेवून ती नोंद पाहावी. असा सराव आधीच झालेला असेल, तर ऐन समारंभात वेग निवडताना चाचपडावे लागत नाही.