प्रतिसादहीन टॅब

वेब ब्राउझरमध्ये (न्याहाळकात) उघडलेले पृष्ठ माऊस वा कळफलकाच्या आज्ञेस प्रतिसाद देईनासे होते, तेव्हा त्या पृष्ठाच्या टॅबला प्रतिसादहीन म्हणतात. बोलीत ‘टॅब हँग झाला’ असे म्हटले जाते. हा दोष वरवर क्षुल्लक दिसतो. तथापि शासकीय सेवा संकेतस्थळांवर उपलब्ध झाल्यापासून त्याचे परिणाम क्षुल्लक राहिलेले नाहीत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये झाला आणि विविध दाखल्यांचे अर्ज ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावरून करता येऊ लागले. नागपुरात स्वतःचा संगणक नसलेला विद्यार्थी अशा अर्जासाठी सेतू केंद्राची वाट धरतो. कोणत्याही संकेतस्थळावर भरलेला, परंतु अद्याप सादर न केलेला मजकूर सामान्यतः त्या टॅबपुरत्या स्मृतीतच असतो व टॅब बळाने बंद केल्यास तो नष्ट होतो. मुदतीच्या अखेरच्या दिवशी थांबावे की टॅब बंद करावा, हा प्रश्न म्हणूनच बिकट ठरतो. या दोषावरील उपायांचा इतिहास हा बव्हंशी याच प्रश्नाचा इतिहास होय.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये तयार केलेल्या पहिल्या ब्राउझरमधील पृष्ठांबरोबर आज्ञावली येत नसे. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा दूरध्वनीच्या तारेवरून पृष्ठ येण्यास विलंब लागे. पण आलेले पृष्ठ सहसा अडकत नसे. त्याच वर्षी ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप ब्राउझरसाठी जावास्क्रिप्ट ही भाषा रचली आणि पृष्ठाबरोबर आज्ञावलीही येऊ लागली. ही आज्ञावली चालविणे, पृष्ठ रेखाटणे व वापरकर्त्याच्या आज्ञा स्वीकारणे ही सर्व कामे एकाच धाग्यावर, एकामागून एक होतात. एकाच खिडकीवर एकच कारकून असावा आणि पहिल्या माणसाचे काम संपेपर्यंत त्याने मान वर करू नये, तसा हा प्रकार आहे. नेटकॅप्टर (१९९७), मोझिला (२००१) व इंटरनेट एक्स्प्लोरर ७ (२००६) यांनी टॅबची सोय रूढ केली, तेव्हा अडचण वाढली. सर्व टॅब एकाच प्रक्रियेत चालत असल्याने एक अडकला की सर्वच अडकत.

पहिला उपाय इशाऱ्याचा होता. इंटरनेट एक्स्प्लोररच्या जुन्या आवृत्त्या आज्ञावलीतील विधाने मोजत व ५० लाखांनंतर वापरकर्त्यास विचारणा करीत. फायरफॉक्स काही सेकंद वाट पाहून तेच करी. ब्राउझर स्वतः निर्णय का घेत नाही, याचे उत्तर ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच दिले होते. एखादी आज्ञावली कधीतरी थांबेल की अनंत काळ चालत राहील, हे प्रत्येक वेळी सांगू शकेल अशी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. गणिताने अशक्य ठरविलेला हा निवाडा दोन बटणांच्या चौकटीतून वापरकर्त्याच्या गळ्यात पडला, असे म्हणावे लागते.

दुसरा उपाय विभक्तीकरणाचा. प्रचालन प्रणालींना तो पूर्वीच परिचित होता : एका आज्ञावलीचा दोष दुसरीस बाधू नये म्हणून प्रत्येकीस स्वतंत्र प्रक्रिया व स्मृती द्यावयाची. गूगल क्रोम (२ सप्टेंबर २००८) व इंटरनेट एक्स्प्लोरर ८ (मार्च २००९) यांनी तो टॅबना लागू केला. क्रोममध्ये शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबल्यास प्रक्रियांची यादी दिसते व त्यांतील दोषी तेवढी थांबविता येते. फायरफॉक्समध्ये ‘इलेक्ट्रॉलिसिस’ नावाने २००९ मध्ये सुरू झालेले हेच काम वापरकर्त्यांपर्यंत पोहोचण्यास ऑगस्ट २०१६ उजाडले, कारण त्याची असंख्य जोड-साधने पृष्ठाच्या अंतर्भागाला थेट हात घालीत. लोकप्रियतेचे कारण असलेली सोयच येथे सुधारणेच्या आड आली.

विभक्तीकरणाचे मोल स्मृतीत मोजावे लागते. जानेवारी २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ हा प्रक्रियकांतील सुरक्षादोष उघड झाल्यावर क्रोमने भिन्न संकेतस्थळे सक्तीने वेगळी केली आणि स्मृतीची गरज सु. १० टक्क्यांनी वाढली. अल्प स्मृतीच्या जुन्या संगणकात ही भर जाचक ठरते. स्मृती संपली की संगणक तिचा भाग चकतीवर हलवू लागतो आणि टॅब पुन्हा प्रतिसाद देईनासे होतात. उपायातूनच मूळ दोष परत येतो. यास्तव क्रोमने २०१५ पासून स्मृती अपुरी पडल्यास न वापरलेले टॅब स्मृतीतून काढण्यास प्रारंभ केला. अर्धवट भरलेला अर्ज असलेले टॅब यातून वगळण्याची दक्षता नंतर घेण्यात आली.

प्रत्यक्षात प्रथम इतर टॅब चालतात का, हे पाहणे इष्ट. ते चालत असल्यास दोष त्या एका पृष्ठाचा असतो; काही काळ वाट पाहून तेवढीच प्रक्रिया थांबवावी. सर्वच मंदावले असल्यास स्मृतीची टंचाई संभवते व अर्जाचा टॅब तसाच ठेवून इतर टॅब आधी बंद करणे हिताचे असते. तोच दोष वारंवार उद्‌भवल्यास जोड-साधने एकेक करून बंद करून पाहावी लागतात. भरलेला मजकूर टप्प्याटप्प्याने सर्व्हरवर जतन करण्याची व्यवस्था मात्र पृष्ठाच्या रचनाकारानेच करावयाची असते; ती ब्राउझरच्या अधिकारकक्षेत येत नाही.