मालकाने कारखाना देऊन टाकला

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत पहिली पाळी सुटताना कुणी गेटवर माइक पुढे केला आणि विचारलं, "शेठने कंपनी तुमच्या नावावर केली म्हणे, कसं वाटतंय?" तर पहिलं उत्तर येईल, "आधी पीएफ भरलाय का ते विचारा." पिएर पाओलो पासोलिनीचा 'तेओरेमा' (1968) अशाच एका गेटवर सुरू होतो. गाव मिलान. मालकाने कारखाना कामगारांना देऊन टाकलाय आणि वार्ताहर त्यांना खोदून खोदून विचारतोय, की मालकच असा वाटून मोकळा झाला तर तुमच्या क्रांतीचं काय? कामगारांना धड उत्तर सुचत नाही.

हा खरं तर कथेचा शेवट. तो आधी दाखवून पासोलिनी मागे जातो. मालक पाओलोच्या बंगल्यावर एक देखणा पाहुणा येतो. मोलकरीण, मुलगा, आई, मुलगी, शेवटी खुद्द बाप, सगळेच त्याच्या ओढीत सापडतात. मग एक दिवस तार येते, पाहुणा निघून जातो आणि घर उसवतं. मुलगी मूठ आवळून ताठ पडते ती पडतेच. आई रस्त्यावरची तरुण पोरं गाडीत घेऊ लागते. बाप कारखाना सोडतो, मिलानच्या रेल्वे स्टेशनात भर गर्दीत अंगावरचे कपडे उतरवतो आणि ज्वालामुखीच्या काळ्या राखेत ओरडत चालू लागतो. मोलकरीण एमिलिया तेवढी गावी परतते, अंगणातल्या बाकावर बसून खाजकुइलीसारख्या रानपाल्याच्या भाजीवर राहते आणि गावकऱ्यांच्या देखत हवेत तरंगते. वासनेचा बोभाटा झाला तो बाकीच्यांमुळे. मला विचाराल तर चित्रपट एमिलियाचा आहे. व्हेनिसच्या महोत्सवात ती भूमिका करणाऱ्या लाउरा बेत्तीला अभिनयाचं पारितोषिकही मिळालं. एका कॅथलिक संस्थेने चित्रपटाला गौरवलं, त्यावर व्हॅटिकन बिथरलं. अश्लीलतेचा खटला झाला, नोव्हेंबर 1968 मध्ये पासोलिनी सुटला.

सगळं देऊन टाकणारा हा श्रीमंत माणूस आला कुठून? 'तेओरेमा' आधी पद्यनाटक म्हणून सुचला होता, नंतर कादंबरी आणि चित्रपट एकाच वर्षी आले. पण त्याचा एक सख्खा भाऊ आपल्याकडचा आहे. 'तेओरेमा' चित्रित व्हायच्या जरा आधी पासोलिनी कॅमेरा घेऊन भारतात होता, मुंबईत आणि राजस्थानात. भारतावर करायच्या एका चित्रपटाची ती टिपणं. इटालियन टीव्हीवर 1968 मध्येच दाखवलेली, अर्ध्या तासाची. त्यातली गोष्ट अशी: एका महाराजाला बर्फात उपाशी वाघाची पिल्लं दिसतात आणि तो आपलं शरीर त्यांना खायला देतो. स्वातंत्र्यानंतर त्याचं कुटुंब रस्त्यावर येतं आणि भुकेने मरतं. भेटेल त्याला पासोलिनी विचारतो, आजचा महाराजा असं करील का? पूर्वार्ध सरळ व्याघ्री जातकातला, उपाशी वाघिणीपुढे देह टाकणाऱ्या बोधिसत्त्वाचा. आर्यशूराच्या 'जातकमाले'त ती पहिलीच कथा आहे. महाराजा देह देतो, पाओलो कारखाना. घराची वाताहत दोन्हीकडे.

सातपूरला बसून हे वाचताना त्रिरश्मीची लेणी आठवणारच. तिथल्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा दानलेख आहे, सुमारे 1,900 वर्षांपूर्वीचा. क्षत्रप नहपानाचा हा जावई. त्याने 3,000 कार्षापण गोवर्धनच्या, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावरच्या गोवर्धनच्या, विणकर श्रेणींकडे ठेवले: 2,000 दरमहा शेकडा एक दराने, 1,000 पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायची नाही, फक्त व्याज वापरायचं. 2,000 वर वर्षाचे 240 होतात, आणि ते 20 भिक्खूंच्या चिवरांना प्रत्येकी 12 प्रमाणे बरोबर पुरतात. जावईबापूंनी ना घर मोडलं ना कपडे उतरवले. दान केलं ते हिशेब लावून, तेही दगडावर.

पासोलिनीला असल्या दानात रस नव्हता. त्याला देणाऱ्याचा विध्वंस हवा होता, आणि देण्याविषयी संशयही. म्हणून तर वार्ताहराचा तो प्रश्न: जे लढून घ्यायचं ते कुणी हातावर ठेवलं, तर घेणाऱ्याकडे काय उरतं?

महाराष्ट्रात कारखाना कामगारांकडे आला तो वेगळ्याच वाटेने. कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज. रामजी कमानींनंतर घराण्यात भाऊबंदकी माजली, कंपनी ढासळली, 1985 मध्ये बंद पडली. युनियन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि 1988 मध्ये कंपनी कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आली. इथे कुणी देऊन टाकलं नव्हतं; कामगारांनी स्वतःच्या भविष्यनिर्वाह निधीतून पैसे उभे केले होते. काही वर्षं कारखाना चालला, नंतर पुन्हा आजारी पडला. तांबं विकत घ्यायला खेळतं भांडवल लागतं, बँका हात आखडता घेतात, आणि मालकच कामगार असला की पगार कमी करायचा निर्णयही त्यानेच घ्यायचा असतो. वार्ताहराने मिलानच्या गेटवर यातलं काहीच विचारलं नाही. गेटवरचा प्रसंग उरकला, की पासोलिनी पुन्हा त्या कामगारांकडे वळतही नाही.