कानामागचा त्रिकोण



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर डोळ्यांना ताण द्यायचा नाही म्हणून बजावलं होतं. आता परवानगी मिळाली आहे, तेव्हा पुन्हा तुमच्या डोळ्यांना ताण द्यायला हजर आहे.

माझी नात मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत आली की माझ्याच खोलीत फेऱ्या मारत मोठ्याने पाठ करते. (मोठ्याने पाठ करायची सवय मीच लावली, मग तक्रार कुणाकडे करणार?) परवा तिचं कानाचं प्रकरण चाललं होतं आणि मधे मधे 'मॅक्यूअनचा त्रिकोण' असं काहीतरी ऐकू येत होतं. जन्मभर इतिहास शिकवल्यामुळे एखादं नाव कानावर पडलं की हा माणूस कोण, कुठला, हे विचारल्याशिवाय राहवत नाही. ती म्हणाली, "आजी, परीक्षेत त्रिकोणाच्या बाजू विचारतात, माणूस नाही विचारत." मग मीच शोधायला बसले. बसले ती दोन आठवडे उठले नाही. त्याला माझं एक जुनं कारणही आहे, ते शेवटी सांगते.

आधी तो त्रिकोण. कानाच्या मागे बोट लावून बघा, हाडाचा एक उंचवटा लागतो. हे हाड बाहेरून दगडासारखं वाटलं तरी आत मधाच्या पोळ्यासारखं पोकळ असतं, आणि त्या पोकळ्या कानाच्या आतल्या भागाला जोडलेल्या असतात. त्यांच्यावर हाडाचा एक पातळ पत्रा आणि त्या पत्र्याच्या वर थेट मेंदू. कान वर्षानुवर्षं फुटत राहिला, आतलं हाड कुजू लागलं, की हा पत्रा झिजतो आणि पू वर चढतो. मेंदूत गळू होण्याचं हे एक फार जुनं कारण. सायनस, किडका दात, डोक्याला झालेली जखम, फुप्फुसातला पू, ही बाकीची. जन्मतः हृदयात दोष असलेली जी मुलं निळसर दिसतात त्यांनाही हा धोका असतो. एरवी फुप्फुसं रक्तातले जंतू गाळून अडवतात. या मुलांचं काही रक्त फुप्फुसांत न जाता परस्पर मेंदूकडे जातं, म्हणजे गाळणीच चुकते. कानाच्या छिद्राच्या जरा वर आणि मागे जिथून सर्जनने आत शिरायचं, ती खूण म्हणजे मॅक्यूअनचा त्रिकोण.

आता माणूस. विल्यम मॅक्यूअन, जन्म १८४८, स्कॉटलंडच्या ब्यूट बेटावरचा. शिकला ग्लासगोला. त्याच ग्लासगोत १८६५ साली जोसेफ लिस्टरने कार्बोलिक अॅसिडने जखमा निर्जंतुक करायला सुरुवात केली होती. त्या काळी सर्जनच्या सुरीपेक्षा नंतर होणाऱ्या पुवानेच जास्त माणसं मरत. मॅक्यूअन लिस्टरचा विद्यार्थी. सुरुवातीला त्याने पोलीस सर्जन म्हणूनही काम केलं. रस्त्यावर बेशुद्ध सापडलेला माणूस दारू पिऊन पडला आहे की डोक्याला मार लागून, हे ओळखायचं काम त्याच्याकडे यायचं. कवटी न उघडता कवटीच्या आत काय चाललं आहे याचा विचार करायची सवय त्याला तिथेच लागली असावी, असं मला वाटतं.

१८७६ साली त्याच्याकडे अकरा वर्षांचा एक मुलगा आला. पडल्यामुळे डाव्या भुवईपाशी लागलं होतं. जखम साधीच वाटली होती, पण काही दिवसांनी ताप, डोकेदुखी सुरू झाली, मग शरीराच्या उजव्या बाजूला झटके आले आणि बोलणं बंद झालं.

यातून मॅक्यूअनने काय ताडलं ते बघा. १८६१ साली पॅरिसच्या ब्रोकाने दाखवलं होतं की डाव्या मेंदूच्या पुढच्या भागातली एक ठरावीक जागा बिघडली की माणसाची वाचा जाते. १८७० साली फ्रिट्श आणि हिट्झिग या दोन जर्मन डॉक्टरांनी कुत्र्याच्या मेंदूला बारीक विजेचा प्रवाह लावून दाखवलं की मेंदूची एक बाजू शरीराची विरुद्ध बाजू हलवते. झटके उजवीकडे, म्हणजे दोष डावीकडे. वाचा गेली, म्हणजे ब्रोकाने सांगितलेल्या जागेजवळ. ताप आहे आणि आधी जखम झाली होती, म्हणजे तिथे पू आहे. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून एकोणीस वर्षं होती. या माणसाने नुसत्या लक्षणांवरून कवटीवर बोट ठेवून सांगितलं, पू इथे आहे, इथे भोक पाडून तो काढू द्या.

मुलाच्या घरच्यांनी नकार दिला आणि मुलगा गेला.

त्यानंतरची गोष्ट वाचताना मी चष्मा काढून थोडा वेळ नुसतीच बसले. मॅक्यूअनने मृत्यूनंतर तपासणीची परवानगी मागितली आणि ती मिळाली. जिवंतपणी जशी शस्त्रक्रिया करणार होता तशीच त्याने ती त्या निर्जीव देहावर केली. त्याच जागी भोक पाडलं, आत सुरी घातली आणि त्याच जागेतून पू बाहेर आला.

मेंदूतलं गळू त्याआधी कुणी काढलंच नव्हतं असं नाही. १७५२ साली मोराँ नावाच्या फ्रेंच सर्जनने, कान वाहणाऱ्या एका रुग्णाच्या मेंदूतल्या पुवाचा निचरा करून त्याला वाचवल्याची नोंद आहे. पण बंद कवटीतली जागा लक्षणांवरून आधी सांगायची आणि मग ती खरी निघायची, हे निराळं होतं.

१८९३ साली मॅक्यूअनचं मोठं पुस्तक आलं, मेंदू आणि मज्जारज्जूच्या पू होणाऱ्या रोगांवरचं. त्यातला एक आकडा आजही डॉक्टर मंडळी सांगतात. मेंदूत गळू झालेल्या १९ जणांवर त्याने शस्त्रक्रिया केली, त्यातले १८ वाचले. पेनिसिलिन नाही, सलाईन नाही, स्कॅन नाही. बारकाईने पाहिलेली लक्षणं, स्वच्छता आणि पुवाला बाहेर जायला वाट, एवढ्या भांडवलावर १८.

मग जगातल्या सगळ्यांना हे जमायला लागलं का? नाही हो. इतिहासाच्या पुस्तकात शोध लागल्याची सनावळी असते. तो शोध कुठल्या घरापर्यंत कधी पोचला, याची नसते. ऑस्कर वाइल्डचंच बघा. याचे वडील सर विल्यम वाइल्ड डब्लिनचे नामांकित कानाचे सर्जन. कानाच्या रोगांवरचं त्यांचं पुस्तक १८५३ सालचं, आणि वाहत्या कानाकडे दुर्लक्ष करू नका, ही त्यांची शिकवण. मुलगा तुरुंगात असताना त्याचा कान दुखावला आणि पुढे तो दुखणं काढतच राहिला. १९०० साली पॅरिसच्या हॉटेलातल्या खोलीत कानावर शस्त्रक्रिया झाली आणि ३० नोव्हेंबरला तो गेला, वय अवघं ४६. मेंदू आणि त्याच्या आवरणाचा दाह, असं डॉक्टरांनी लिहून ठेवलं आहे. गळू नव्हे, पण त्याचं सख्खं भावंडच. मॅक्यूअनचं पुस्तक तेव्हा सात वर्षांचं झालं होतं.

पुढची पन्नास वर्षं भराभर सांगते. कुणी सुईने पू ओढून काढला. फ्रान्सच्या व्हँसाँने १९३६ च्या सुमारास अख्खं गळूच पिशवीसकट काढायची पद्धत रूढ केली. १९४० नंतर पेनिसिलिन आलं. आता प्रश्न मिटला असं वाटलं असेल, पण बरेच रुग्ण तरीही दगावत राहिले. कारण गळू नक्की कुठे, किती मोठं आणि किती, हे दिसतच नव्हतं. भर म्हणून ताप आणि डोकेदुखी दिसली की पाठीतून पाणी काढून तपासायची पद्धत. मेंदूज्वरात ते योग्यच, पण आत गळवाचा दाब असताना पाणी काढलं तर मेंदू खाली सरकून जीव जाऊ शकतो. पाहिल्याशिवाय हात घालायचा नाही, आणि पाहायचं कसं, असा पेच.

तो पेच सोडवला गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंजिनियरने. तो ज्या ईएमआय कंपनीत होता ती मुख्यतः ध्वनिमुद्रिकांसाठी प्रसिद्ध. आपल्या घरोघरी कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचं चित्र असलेल्या एचएमव्हीच्या तबकड्या असायच्या ना, त्याच घराण्यातली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ विम्बल्डनच्या रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला. १९७९ साली हाउन्सफील्डला कॉर्मॅकबरोबर नोबेल मिळालं. स्कॅन आणि नवी औषधं आल्यावर चित्र पालटलं. पूर्वी या रोगात शंभरातले चाळीसएक जात. आता चांगल्या रुग्णालयात ते प्रमाण दहाच्या आसपास आलं आहे.

आज उपचार कसा होतो ते नातीने मला फळ्यावर काढून दाखवलं. (घरात फळा अजून आहे.) सुरुवातीला मेंदूचा तो भाग नुसता सुजतो, दोनेक आठवड्यांत त्याभोवती पिशवी तयार होते. गळू लहान असेल तर कधी नुसत्या औषधांवर भागतं. अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठं असेल तर सहसा कवटीला छोटं भोक पाडून सुईने पू काढतात आणि तो प्रयोगशाळेत पाठवतात, कारण जंतू कोणता ते कळल्याशिवाय औषध नेमकं ठरत नाही. आपल्याकडे क्षयाचाही विचार करावा लागतो. शिरेतून प्रतिजैविकं सहा ते आठ आठवडे. शिवाय मूळ जिथून आलं तो कान, तो दात, तोही दुरुस्त करायचा. नाहीतर विहीर उपसून झरा तसाच ठेवल्यासारखं.

शेवटी ती म्हणाली, "ताप, डोकेदुखी आणि शरीराच्या एखाद्या भागाचं काम बिघडणं, ही तीन लक्षणं पुस्तकात एकत्र असतात, पण पाचातल्या एखाद्याच रुग्णात एकत्र दिसतात. म्हणून चुकतं. डाव्या कानाचं असेल तर कधी कधी पेशंटला साध्या वस्तूंची नावंच आठवत नाहीत."

माझ्या हातातला खडू तसाच राहिला.

आता ते जुनं कारण. १९७९ चा पावसाळा. मी तालुक्याच्या शाळेत आठवी 'ब' ची वर्गशिक्षिका होते. वर्गात वाडीवरून चालत येणारा एक मुलगा होता, नाव लिहीत नाही. त्याचा डावा कान लहानपणापासून फुटायचा. घरी लसणाचं तेल घालायचे, वर कापसाचा बोळा. वास यायचा. शेजारची मुलं तक्रार करायला लागली, तेव्हा मी त्याला शेवटच्या बाकावर खिडकीशी एकटा बसवला. तेव्हा तो मला उत्तम तोडगा वाटला होता.

श्रावणात तो डोकं दुखतं म्हणायला लागला. मी म्हणाले, गृहपाठ झाला नसेल. एक दिवस त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि खडू हातात धरून विचारलं, हे घेऊन लिही, असा गप्प का? तो खडूकडे बघत म्हणाला, "बाई, ते... ते लिहायचं..." शब्दच सापडेना. वर्ग हसला. मला वाटलं, चेष्टा करतो आहे. मी त्याला बाकावर उभं केलं.

चार दिवसांनी त्याला उलट्या सुरू झाल्या. जिल्ह्याच्या गावी नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मेंदूत पू झाल्याची शंका सांगितली आणि मुंबईला न्या, डोकं उघडावं लागेल असंही सांगितलं. आजीने साफ नकार दिला. पोराचं डोकं फोडून घ्यायचं नाही, म्हणाली. घरी आणला आणि आठवड्याच्या आत गेला.

इतकी वर्षं मी त्या आजीवर मनातून रागावले होते. अडाणीपणा, अंधश्रद्धा, सगळं म्हणून झालं. मॅक्यूअनची गोष्ट वाचताना पहिल्यांदा वाटलं, नकार देणारी ग्लासगोची माणसं काही अडाणी होती म्हणून नकार देत नव्हती. बरं होऊन परत आलेला कुणी त्यांनी पाहिला नव्हता. आमच्या वाडीनेही पाहिला नव्हता. शोध शंभर वर्षांचा झाला असला तरी विश्वास प्रत्येक गावाला नव्याने कमवावा लागतो. मॅक्यूअनने तो पुढच्या सतरा वर्षांत अठरा माणसं घरी परत पाठवून कमवला.

आणि आजीचं सोडा, मी काय पाहिलं? तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. मला येत होतं. पू वाहणारा कान रोज माझ्यासमोर होता, आणि मी त्याला फक्त नजरेआड बसवला. खडूला खडू म्हणता येईना, ते तर सगळ्या वर्गासमोर माझ्याच हातात होतं. हे मी नातीला सांगितलं. ती म्हणाली, "आजी, तेव्हा तुला कसं कळणार?" लक्षण कळलं नसतं हे खरं आहे. पण वाहत्या कानाला डॉक्टर दाखवायचा, एवढं तेव्हाही कळत होतं.

आपल्या ब्लॉगवर येणाऱ्यांत शिक्षक बरेच आहेत, म्हणून हे लिहिलं. तुमच्या वर्गात कान वाहणारं पोर असेल तर त्याची जागा बदलू नका, पालकांना बोलवा, स्वतः बरोबर जा. अशा पोराचं डोकं दुखत असेल, ते बोलताना अडखळत असेल, तर त्याच दिवशी जा. कानात तेल घालू नका आणि घालू देऊ नका.

असो. नात उद्या हॉस्टेलला परत जाते आहे. जाण्याआधी तिने मला तो त्रिकोण माझ्याच कानामागे बोट ठेवून दाखवला. बोटाच्या पेराएवढी जागा आहे.