ओठांची ती हालचाल

मऊरानीपुरात माझं औषधांचं दुकान आहे. राणीपूरकडचे एक विणकर काका मानसिक आजारावरच्या हॅलोपेरिडॉलच्या गोळ्या न्यायला येतात. कानातले आवाज केव्हाच थांबले, पण आता ओठ सारखे चघळल्यासारखे हलतात, जीभ मधूनच बाहेर डोकावते. शेजारी म्हणतात, वेड अजून उतरलं नाही. ऐकून जीव तुटतो. ही हालचाल बहुधा आजाराची नाही, औषधाची आहे.

मनोविकारांवरच्या अशा औषधांच्या इतिहासात आपल्या मातीचाही वाटा आहे. 1931 साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि उन्मादावर सर्पगंधेचा उपयोग नोंदवला. 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी रक्तदाबावरच्या तिच्या उपयोगाचा निबंध छापला आणि सर्पगंधेची मुळी जगापुढे गेली. 1952 मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर यांनी मनोरुग्णांना क्लोरप्रोमॅझिन दिलं. वर्षानुवर्षं कोंडलेली माणसं घरी परतू लागली. हे उपकार मी कधीच नाकारणार नाही.

पण 1957 मध्येच जर्मनीत शोनेकर यांनी अशी औषधं घेणाऱ्या रुग्णांच्या तोंडाच्या या हालचाली टिपल्या होत्या. 1964 मध्ये डेन्मार्कच्या फाउरबाय यांनी ‘टार्डिव्ह डिस्कायनेशिया’ हे नाव दिलं. आज यावर देतात ते टेट्राबेनाझिन रेसर्पिनसारखंच मेंदूतल्या डोपामिनचा साठा कमी करतं.

घरात कुणाचे ओठ असे हलत असतील तर गोळ्या मनाने बंद करू नका, मूळ आजार उलटू शकतो. मनोविकारतज्ज्ञांना लगेच दाखवा, आणि त्या माणसाला वेडा म्हणू नका.