वेळास येथील कासव संवर्धन
रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास किनाऱ्यावर ग्रामस्थांच्या सहभागाने होणारे ऑलिव्ह रिडले कासवांच्या (पहा : सागरी कासव) घरट्यांचे संरक्षण. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ (पहा) लागू असूनही अंडी चोरीला जात आणि कोल्हे-कुत्रीही ती खात. केवळ कायद्याने किनारा राखला जात नाही, हे त्यावरून दिसते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांसह काम सुरू केले. घरट्यातील सुमारे शंभर अंडी कुंपणातील वाळूत पुरतात आणि ४५ ते ६० दिवसांनी निघालेली पिल्ले समुद्राकडे सोडतात. पुढे सुरू झालेल्या कासव महोत्सवाने घरगुती निवासातून गावाला उत्पन्न दिले. पिल्लांचे लिंग वाळूच्या तापमानावर ठरत असल्याने अंडी हलविण्यावरील आक्षेप रास्त आहे. परंतु राखणीविना घरटी लुटली जाण्याचा धोका त्याहून मोठा ठरतो. पर्यटकांच्या वर्दळीचा आक्षेप मात्र गावाने नियम पाळून घेतले तरच निवारता येतो (पहा : निसर्ग पर्यटन).